उंबराखालचा पातेरा

मला केर दिसला की गप्प बसवत नाही. आयुष्यभर शाळेत कारकुनी केली, त्यात हा दोष अंगात मुरला. टेबलावरचा कागद तिरका पडलेला मला चालत नसे. नवरा म्हणतो, तू देवळात गेलीस तरी देवाआधी कोपरे बघतेस. खरं आहे ते. या सवयीचं आजवर कौतुकच ऐकलं होतं. गेल्या होळीला याच सवयीपायी मी माझ्या बापाच्या तोंडचा घास काढला. ते एकदा सांगून टाकावं म्हणते, म्हणजे निदान डोक्यातून जाईल.

बाबा चांदीपला राहतात. घर खरं भावाचं, पण भाऊ-वहिनी मुलांच्या शाळेसाठी म्हणून शहरात, एव्हरशाईनला गेले ते तिकडचेच झाले. बाबा काही हलले नाहीत, शेजारून पेज-भात यायचा त्यावर राहिले. काचबिंदूने त्यांची दृष्टी पार गेली आहे, उजेड आणि अंधारही कळत नाही. तरी म्हणाले, "तितं मला सकाल झालेली कशी कलनार?" भावाला वाटलं म्हातारा हट्टाला पेटलाय. मला कळलं ते काय म्हणत होते, कारण मी त्याच घरात वाढले.

आमच्या घरामागे ओढ्याला लागून एक जुना उंबर आहे. पडवीतून मोजून वीस-पंचवीस पावलं. त्याच्यापलीकडे करवंदीची मोठी जाळी, मग आमचं वरकस, म्हणजे भात होत नाही अशी चढाची जमीन, त्यात पाच-सहा ऐन, आणि तिथून पुढे तुंगारेश्वरचा डोंगरच. त्या उतारावरून दिवस उगवायच्या सुमारास रानकोंबडा खाली येतो. मागे दोन-तीन कोंबड्या. उंबराखाली येऊन तो ओरडतो. पाळीव कोंबड्याची बांग लांबलचक असते, याची तुटक, आणि शेवटी कोणीतरी गळा धरल्यासारखी मधेच संपते. ती ऐकली की बाबांची सकाळ व्हायची. मग ते उठून बसायचे, चूळ भरायचे आणि पेज मागायचे.

दिवाळीच्या आधी बाबा त्याच उंबराखाली पडले. काठी टेकत गेले, पिकल्या फळांचा सडा पडला होता, पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चालणं गेलं ते गेलंच. मी नुकतीच निवृत्त झाले होते, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा आपसूक माझ्याकडे वळल्या. चंदनसारचा फ्लॅट नवऱ्याच्या हवाली केला आणि महिनाभर जाते म्हणून निघाले. त्या महिन्याला आता किती महिने झाले ते मी मोजत नाही.

कोणी विचारलं तर मी म्हणते, बापाची सेवा करायचं भाग्य मिळालं. लोकांना तेच ऐकायचं असतं. खरं सांगायचं तर मी दमले. भांडं देणं, अंग पुसणं, कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं, गोळ्या, पेज, परत भांडं. माझीच कंबर आता धरते. कधीकधी बाबांनी हाक मारली की मी मुद्दाम दोन मिनिटं उशिरा ओ देते. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

बाबांची खाट मी मागच्या पडवीत लावली होती, उंबराच्या बाजूला तोंड करून. ते पडल्यापडल्या ऐकत राहायचे आणि मला सांगायचे. आमच्याकडे बापाला अरे-तुरेच करतात. सासर घाटावरचं, त्यांच्या कानाला ते अजून खटकतं. मी विचारायची, "बाबा, तुला एवढं काय ऐकू येतं रे?"

"वरती हरियल आलेत," ते म्हणायचे. "पन्नासेक असतील. आयकलंस? फलं पडतात."

हरियल म्हणजे हिरवी रानकबुतरं. मी कान द्यायची. खरंच टप टप आवाज यायचा.

"वर खानारे सगले उधले. अर्धा खातात, अर्धा टाकतात. रातच्याला वटवागलं तशीच. त्यांच्या उधलेपनावर खालच्याचा संसार."

खालचा म्हणजे रानकोंबडा. उंबर वर्षातून तीन-चारदा तरी पिकतो, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात डोंगरावर दाणा नसतो तेव्हाही इथे काहीतरी पडलेलं सापडतं. फळाच्या आत चिलटं असतात, ती पिल्लांना लागतात. रात्री झोपायला मात्र कोंबडा उंबरावर थांबत नाही, वटवाघळांच्या गडबडीत त्याला झोप येत नाही म्हणे. तो ऐनावर जातो. कळकाच्या, म्हणजे बांबूच्या बेटाला फुलोरा आला की त्याचं बी खायला, कारवी पिकली की तिचं खायला, असं त्याचं एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे वर्ष सरतं. हे सगळं बाबांनी कुठे वाचलेलं नाही. तरुणपणी ते फासे लावायचे. त्या काळी या पट्ट्यात सगळेच लावत. पाळलेला एक कोंबडा पायाला दोरी बांधून उंबराखाली ठेवायचा, भोवती फासे पसरायचे. बांधलेला ओरडला की रानातला चवताळून भांडायला येतो आणि फाशात पाय अडकतो.

ते त्यांनी कधी सोडलं, तेही एकदा सांगितलं. एका सकाळी कोंबडा बांधून ते घरात चहा प्यायला आले. परत गेले तर मुंगसाने त्याला फाडलं होतं. "बांदलेला होता ना," बाबा म्हणाले. "पलनार कुटं? मला आवाज आलेला. मला वाटलं भांडन लागलं." त्यानंतर फासे लावले नाहीत, एवढंच.

तर होळी. होळीच्या आधी चार दिवस मी मागचं अंगण बघितलं आणि मला राहवेना. उंबराखाली घोट्याएवढा पातेरा साचलेला. पातेरा म्हणजे वाळलेला पाला, ऐनाचा, उंबराचा, वरकसातून वाऱ्याने आलेला. त्यात कुजकी उंबरं, त्यावर माश्या. बाप याच्यावरच घसरून मोडला होता. शिवाय साप-विंचू. मी पदर खोचला आणि तीन दिवस झाडत होते. फावड्याने ओढला, घमेल्याने उचलला, फळं वेचून खड्ड्यात पुरली. करवंदीची जाळीही तोडायची होती, पण काट्यांनी हात फाडले म्हणून ती तेवढी वाचली. जमीन अशी लखलखीत केली की तिथे पंगत बसवावी. पातेरा गावच्या होळीला दिला. पोरांनी भारेच्या भारे उचलून नेले. मला इतकं बरं वाटलं की मी उभी राहून फोटो काढला आणि भावाला पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

त्यानंतर कोंबडा ओरडला नाही.

पहिल्या दिवशी बाबा म्हणाले, होलीच्या गोंगाटानं गेला असंल. चौथ्या दिवशी म्हणाले, येईल. आठ दिवस असेच गेले. मी सकाळी पेज आणली की विचारायचे, "सकाल झाली?" मी हो म्हणायची. ते तोंड फिरवायचे. "मंग तो का नाय वरडला? तू मला रातचंच उठवतेस." आधी वाटलं म्हातारपण आहे. मग ते खरंच खाईनात. दोन चमचे, चार चमचे, बस. दुपारी झोप, रात्री जाग, दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस. डॉक्टर घरी येऊन गेले, म्हणाले खाल्लं नाही तर ताकद राहणार नाही. हे सांगायला डॉक्टर कशाला लागतो.

झाडलं मी, हे बाबांना माहीत नव्हतं. झाडताना ते विचारत होते कसला आवाज, तर मी थोडा केर काढते म्हणाले होते. थोडा. कोंबडा जाण्याचा आणि केराचा काही संबंध असेल हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. उंबर तर जागेवर होता, फळंही नवीन पडत होती. मग अडलं कुठे?

शेवटी मी मोबाईल काढला. रानकोंबड्याचा आवाज शोधला, तो सापडलाही, दीड मिनिटाचा. पहाटे उठून फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, उंबराच्या बेचक्यात ठेवला, आवाज पूर्ण मोठा केला आणि घरात येऊन चुलीपाशी बसले. पडवीतून बाबांची हाक आली, "बाय, आयकलंस? आला."

त्या दिवशी त्यांनी वाटीभर पेज खाल्ली, वर लोणचं मागितलं. मी चुलीपुढे बसून रडले. वाटलं, एवढं सोपं होतं तर आधी का नाही सुचलं. तीन दिवस असं चाललं. मी स्वतःच्या हुशारीवर खूश होते, आणि भावाला फोन करून सांगितलं की बाबा आता बरे आहेत.

चौथ्या दिवशी पेज तशीच राहिली. बाबा खाटेवर कोपरावर उठले होते, मान उंबराकडे.

"बाय, तो एकाच जागेवरना वरडतो."

"असेल, बसला असेल."

"चार दिस? हलत नाय. खाली उतरत नाय. पाय वाजत नाय त्याचा." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "बांदलाय कोनीतरी."

मी वाटी खाली ठेवली. मी म्हणाले, "कोण बांधणार आता, बाबा? कायद्याने बंदी आहे."

"मला कायदा सांगू नको. फासा लागलाय तिथं. जा, सोडून ये."

मी अंगणात गेले, फोन बंद केला, उगाच दोन मिनिटं उभी राहिले आणि परत येऊन सांगितलं की कोणी नाही. ते म्हणाले, नीट बघ, वरती पिंजऱ्यात ठेवला असेल. मी म्हटलं नाही रे बाबा. दिवसभर त्यांचं तेच. त्याला पाणी ठेवलंय का, मुंगूस फिरतं का. मी कंटाळून म्हणाले, आता पुरे.

दुसऱ्या दिवशी मी फोन लावलाच नाही. वाटलं, विषय संपेल. मी पाण्याची मोटर लावायला पुढच्या दाराला गेले होते तेव्हा मागे धप्पकन आवाज झाला. बाबा खाटेवरून उतरले होते. ज्या माणसाला कूस बदलायला मी लागते, तो पडवीच्या पायरीपर्यंत हातांवर घसटत गेला होता. गुडघे सोललेले, धोतर सुटलेलं. मी धावत गेले आणि आधी ओरडले, मग त्यांना धरलं.

"नेला त्याला," ते म्हणाले. "आज आवाज नाय. मुंगसानं नेला. तुला सांगितलं होतं सोड म्हनून."

तिथेच पायरीवर बसून मी सगळं सांगितलं. पिशवी, बेचका, मोबाईल. कोंबडा नव्हताच, बाबा, बांधलेलाही नव्हता, तो मी लावत होते.

बाबांचा हात माझ्या मनगटावर होता, तो त्यांनी काढून घेतला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"कुठला होता?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. इंटरनेटवरचा."

"असंल कुठल्यातरी रानातला." मग म्हणाले, "आपला कुटं गेला?"

मग मी केर काढल्याचंही सांगितलं. सांगायला तोंड नव्हतं, पण आता लपवून काय मिळणार होतं. बाबांनी हात लांब करून पायरीखालची जमीन चाचपली. तळवा फिरवत राहिले. नुसती माती लागली.

"उंबर त्याचा नाय, बाय," ते म्हणाले. "उंबर वरच्यांचा. त्याचा पातेरा. उकरनार कशात? वालवी कशात शोधनार? उघड्या जमिनीवर तो पाय ठेवत नाय, वरना ससाना बगतो. मातकट मादी पातेऱ्यात बसली की दिसत नाय, इथं ती कुटं बसंल? तू त्याच्या घराचं छप्पर पन नेलंस नि जेवनाचं ताट पन नेलंस."

मला तेव्हा खरंच स्वतःची लाज वाटली. फोटो काढला होता मी त्या जमिनीचा.

त्यानंतर मी पातेऱ्याच्या मागे लागले. आधी सोपा मार्ग काढला. भावाला बाबांपाशी बसवून चंदनसारला दोन दिवसांसाठी गेले होते, तिथे सोसायटीच्या झाडूवाल्या मावशींना म्हटलं, पाला मला द्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही निवृत्तीनंतर बाई बिघडली. तीन गोणपाटं भरून रिक्षातून आणली. बाबांनी एकात हात घातला. "ह्यो काय, बदाम. ह्यो गुलमोहर, ह्याची पानं आहेत का भुसा? नि ह्यो?" त्यांच्या हातात वेफर्सची पिशवी आली होती. "कोंबडा काय येष्टीनं आलाय काय, ह्यो खायला?" कित्येक दिवसांनी ते असं तिरकं बोलले, म्हणून मी ऐकून घेतलं.

मग आमच्या वरकसात जायला लागले. ऐनाचा पातेरा खाली भरपूर होता. पूर्वी हाच पाला भाताच्या राबाला जायचा, रोपाच्या वाफ्यावर पसरून जाळायला. आता भातच कोणी फारसं लावत नाही, म्हणून पडून होता. मी उकिडवी बसून हाताने गोणपाटात भरायची आणि ओढत खाली आणायची. वाटेत शेजारची बाई भेटली. "राबाला काय गो?" तिने विचारलं.

"नाही. कोंबड्यांना."

"कोंबड्या पाला खातात?"

"बसायला लागतो त्यांना."

ती पुढे गेली आणि वळून परत बघितलं. बघू दे. रोज दोन गोणपाटं, गुडघ्यांची वाट लागली, नखांत माती भरली. मी जे तीन दिवसांत उचललं ते परत टाकायला मला महिना लागला. बाबा पडवीतून सांगायचे, पसरू नको, ओत. उंबराच्या मुळांत जास्त टाक. जाळीकडना उंबरापर्यंत सलग येऊ दे, मधे उघडी जागा सोडू नको. संध्याकाळी मी थकून पायरीवर बसले की माझ्या हाताचा वास घेऊन म्हणायचे, "ऐनाचा हाय." तेवढीच शाबासकी. पेज मात्र चार-पाच चमच्यांच्या वर जात नव्हती. बाबांचा दंड माझ्या मुठीत मावेल एवढा झाला होता.

वैशाखात एका संध्याकाळी वळवाची सर आली. सकाळी सगळा पातेरा ओला होता. मी बाबांची उशी सारखी करत होते आणि उंबराखालून आवाज आला. तुटक, मधेच गळा धरल्यासारखा. मी पडवीच्या कडेला गेले. करवंदीतून तो बाहेर आला होता, मानेवरचे पिवळे ठिपके दिसत होते, शेपूट खाली. मागे एक मादी. पाय मारून पातेरा मागे उडवत होता, पण पाला भिजलेला, त्याचा काही आवाज होत नव्हता.

"बाबा," मी हळूच म्हणाले, "आला रे. ओरडला."

"आयकला," बाबा म्हणाले. चेहरा शांत होता. "मोबाईल चांगला हाय तुझा."

मी फोन कमरेच्या पिशवीतून काढला आणि त्यांच्या तळव्यावर ठेवला. बोटं त्याच्यावर मिटवली. "हा बघ मोबाईल. बंद आहे. तुझ्या हातात आहे."

त्यांनी तो चाचपला, उलटा केला, कानाशी नेला. बाहेर कोंबडा पुन्हा ओरडला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"दोन असतील," ते म्हणाले. "आता समद्यांकडं दोन-दोन असतात."

"तुझी शपथ बाबा, खरा आहे. खाली उकरतोय. जोडीने आलाय."

"पाय वाजत नाय."

"पाला ओला आहे रे."

त्यांनी माझा हात शोधला आणि थोपटला, लहानपणी ताप आला की थोपटायचे तसा. "असू दे, बाय. तू इतकी राबतेस माझ्यासाठी. बंद नको करू."

एकदा खोटं बोलून मी आपलाच शब्द घालवला होता, आता शपथ घेऊन काय होणार होतं. आम्ही दोघं ऐकत बसलो. तो पाच-सहा वेळा ओरडला. बाबांनी पेज मागितली, मी भरवली, अर्धी वाटी गेली. मग रस्त्यावरून कोणाची तरी मोटरसायकल गेली आणि जोडी जाळीत शिरली. उंबराखाली सामसूम झाली.

"केलंस ना बंद," बाबा म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

"उद्या परत लाव."

लावते म्हटलं. वाटी धुवून ठेवली, गोणपाट काखेत मारलं आणि वरकसाकडे निघाले.